उलटी दमणी

गोदावरीनं आणि मी मिळून शेवटचं काय केलं असं कुणी विचारलं, तर सांगायला लाज वाटते. लोकांची बायको जाते तेव्हा शेवटी काहीतरी देवाधर्माचं झालेलं असतं. निदान एखादं कीर्तन तरी. आम्ही दोघांनी लातूरच्या अलीकडं रस्त्याला जे जुन्या गाड्यांचं संग्रहालय झालं आहे, तिथं एका पाटीकडं पाठ करून चोरून धपाटे खाल्ले. बाहेरचं खाणं आत आणू नये, असं त्या पाटीवर लिहिलं होतं. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं वाचता येतं. गोदाला अजिबात वाचता येत नव्हतं, म्हणून ती बिनघोर खात होती, आणि मी घास गिळायच्या आधी दरवेळी मागं बघत होतो. "काहून एवढं भिऊन ऱ्हायले?" ती म्हणाली. "ज्वारी आपली, पीठ आपलं, तोंड आपलं. त्याह्यचं काय हाय ह्याच्यात?"

तिथं जायचं ठरवलं होतं आमच्या लेकानं, बाळूनं. रविवार होता, लेकरांना सुट्टी होती, त्यानं कंधारहून एक जीप ठरवली आणि आम्हाला म्हणाला, चला, दाखवून आणतो. मी विचारलं, काय हाय तिथं? तो म्हणाला, जुन्या बैलगाड्या, टांगा, पहिली लाल यष्टी, छोट्या लाइनीच्या रेल्वेचा डबा. मी म्हणलं, हे सगळं म्या बघितलेलं हाय. नुसतं बघितलं न्हाई, बसलोय, ढकललंय आणि त्याच्यात वकलोयबी. पण गोदानं पहाटेच उठून धपाटे थापले होते, दह्याचा डबा फडक्यात बांधला होता. तिनं एकदा डबा बांधला की आमच्या घरात कुणी नाही म्हणत नसतं.

ते संग्रहालय वाईट नाही, उगीच नावं का ठेवा. लेकरांनी रेल्वेच्या डब्यात बसून फोटो काढले. सूनबाईनं टांग्याच्या पायरीवर उभं राहून काढले. मला लाल यष्टीच्या पुढं उभं केलं आणि हसा म्हणाले. त्या फोटोत मी तिकिटाशिवाय धरलेल्या माणसासारखा दिसतो. मग लेकरांना त्या आवारात फिरणाऱ्या खेळण्यातल्या आगगाडीत बसायचं होतं, तर बाळू आणि सूनबाई त्यांना घेऊन तिकडं गेले. आमचे गुडघे तिकडं जाण्यासारखे नव्हते. आम्ही बैलगाड्यांच्या पत्र्याखाली बाकावर बसलो. आणि समोर दोरीच्या पलीकडं दमणी उभी होती.

दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. वर कमानीचं छत, खाली बसायला गादी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. धान्याच्या गाडीसारखी ती खडखडत नाही. चांगल्या घरची माणसं लग्नाला, जत्रेला आणि सुना आणायला दमणीनं जायची. ह्या दमणीला कुणीतरी चकचकीत व्हार्निश मारलं होतं. बैलांच्या जागी दोन लोखंडी टेकू होते. तिथला राखणदार पाशा म्हणून होता, पन्नाशीचा, मूळचा उदगीरचा. तो आमच्याजवळ आला तेव्हा माझ्या तोंडात धपाट्याचा तुकडा होता. त्यानं डब्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. गोदानं एक धपाटा दह्याचं बोट लावून त्याच्यापुढं धरला. पाशानंही पाटीकडं पाठ केली.

खाता खाता तो म्हणाला, "चचा, तुम्ही बसलात का हो कधी असल्या दमणीत?"

ह्या प्रश्नाची मी आयुष्यभर वाट बघत असतो. मला गावात एक नाव आहे, उलटी दमणी. ते कसं पडलं हे मी सोयऱ्याधायऱ्यांत इतक्या वेळा सांगितलं आहे की आमची नातवंडं मी सुरू केलं की उठून जातात. पाशा नवा होता, त्याला सांगितलं. त्या दिवशी त्याला जसं सांगितलं तसं आधी इथं सांगतो. नंतर जे कळलं ते नंतर.

मला नुकतं मिसरूड फुटलं होतं तेव्हा माझं लग्न झालं. आमचं घर कंधारच्या अंगाला, तीन खणांचं, पुढं दारालगत बसायची ढाळज, मागं गोठा. पहाटे आईचं जातं सुरू व्हायचं आणि त्या घरघरीवर दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खोकला ठेका धरायचा. मग दूध काढल्याचा चुर्रचुर्र आवाज, मग चुलीत पळकाट्या मोडल्याचा. भाकरी भाजल्याचा वास गोठ्यापर्यंत आला की मी उठायचो, कारण मी गोठ्यातच झोपायचो. लग्न झालं तरी गोठ्यातच. आमच्यात थोरल्यांसमोर बायकोशी बोलायचं नसतं, आणि थोरले नसतील अशी जागा त्या घरात नव्हती. गोदा आली, सुगीभर राहिली. जोंधळा काढला, करडई झोडली, अंबाडीची भाजी अशी करायची की मी भाकरीनं ताटली पुसून घ्यायचो. पण छान झाली म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणजे कसा, बैलांशी तासन् तास बोलायचो आणि बायको पाणी घेऊन आली की छताकडं बघायचो. तिनं पुढं आपल्या आईला विचारलं म्हणे, नवरा मुका हाय का? आईनं सांगितलं, बघायला आला तवा तर बोलला व्हता. ते पण खरं नव्हतं. बघायला गेलो तेव्हा मी शिंकलो होतो.

पंचमीला तिचा भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला, तिला माहेरी नायगावकडं घेऊन गेला, आणि ती परत आलीच नाही. माझा थोरला भाऊ आणायला गेला तर म्हणाले, तिच्या आईला बरं नाही. पुन्हा गेला तर म्हणाले, पोरीलाच ताप आहे. दुसऱ्यांदा तो रिकामी दमणी घेऊन आला तेव्हा दादा ढाळजेत बसले होते. ते ओरडले नाहीत. पान जमवता जमवता म्हणाले, "नांदायचं नसंल तर नसू द्या. तुळशीचं लगीन झालं की दुसरी बघू. पोरी का कमी हायत?" त्यांनी चुना लावला, सुपारी टाकली आणि पान तोंडात घातलं. तेवढ्या वेळात माझा संसार मोडून झाला होता.

त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. मला कळेना की जिच्याशी मी एक शब्द बोललो नाही ती गेली तर माझं काय जातंय. पण गोठ्यात पडलो की तिच्या बांगड्यांचा आवाज नाही हे ऐकू यायचं. आता इतक्या वर्षांनी सांगतो, नसलेला आवाज असलेल्या आवाजापेक्षा मोठा असतो. सध्या तर घरात दुसरं काही ऐकूच येत नाही.

नवऱ्यानं स्वतः उठून बायकोला आणायला जायचं, ही आमच्याकडं हसण्यावारी जायची गोष्ट होती. दीर जातो, सासरा जातो, नवरा जात नाही. म्हणून मी बैलाचं निमित्त काढलं. लग्नात सासऱ्यानं आम्हाला एक लाल कंधारी बैल दिला होता, हौश्या नावाचा. मी आईला म्हणालो, हौश्या लंगडून राहिला, त्याचं औषध सासऱ्यालाच ठावं हाय, दाखवून आणतो. आईनं हौश्याकडं बघितलं. तो मजेत शेपटी हलवत उभा होता. "मंग बैल दाखवायला दमणी काहून जुंपलीस?" आई म्हणाली. मी छताकडं बघितलं. आईनं धपाटे बांधून दिले. जास्त दिले.

सासरा भला माणूस, पण तोंडानं फटकळ. त्यानं हौश्याचे चारी पाय उचलून बघितले आणि म्हणाला, "बैलाला काय झालं न्हाई. जावयाला झालंय." मला बसवलं, पुरणाचा बेत केला. मी ताटावर बसलो तेव्हा आत माजघरात गोदाचा आवाज आला, "म्या न्हाई जात." मग तिच्या बापाचा, "कशी जात न्हाईस ते बघतो." मग पुन्हा तिचा, "बोलत न्हाई, चालत न्हाई, असल्या खांबासंग काय नांदायचं?" मी खांब. खांबानं काय करावं? खांब जेवत राहिला. सासूबाई पोळी वाढत होत्या, वर तूप, वर गुळवणी, आणि नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून मी किती खाल्लं ते त्यांनाच ठावं.

शेवटी बापाच्या धाकानं गोदा निघाली. पेटी घेऊन दमणीत मागं बसली, पदर हनुवटीपर्यंत ओढून. मी पुढं. निघताना मनाशी पक्कं केलं होतं की ओढा ओलांडला की बोलायचं. काय बोलायचं तेही जुळवलं होतं, अंबाडीची भाजी लई चांगली व्हती. पण दुपारची वेळ, पोटात पुरण, घुंगरमाळांचा एकसारखा छुन् छुन्, वर दमणीचा हेलकावा. ओढा यायच्या आधीच माझा डोळा लागला. मी मागं तिच्या पेटीवर डोकं टाकून असा घोरलो म्हणे की वाटेवरचे होले उडाले.

जाग आली ती घुंगरमाळा थांबल्यामुळं. दिवस कलला होता. मला वाटलं, आलं आपलं घर. बघतो तर समोर लिंबाचं झाड, आमच्या दारात लिंब नाही. झाडाखाली बाजेवर सासरा, हातात पितळी तांब्या, तोंड उघडं. दारात सासूबाई. ओट्यावर मेव्हणा, तो तर आधीच हसून लाल झालेला.

"दाजी," तो म्हणाला, "काय इसरलं म्हणावं?"

शेजारच्या बाया कुडावरून बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "जावयाला करमंना गं सासरवाडीबिगर." मी हौश्याकडं बघितलं. तो सासऱ्याच्या गोठ्याकडं मान करून हंबरत होता. तेव्हा सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की बैल आपल्या जुन्या घरी वळला, ओळखीच्या वाटेनं मागं आला. मीही तेच मानलं. अशा वेळी माणसानं बैलाला दोन फटके द्यावेत, बायकोवर डाफरावं, आणि गाडीचं तोंड वळवून तडक निघावं. चाबूक पायाशीच होता. पण माझं डोकं झोपेनं जड होतं, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि काहीतरी बोलणं भाग होतं. जुळवलेलं वाक्य आठवेना. तोंडातून निघालं ते हे, "जेवायला काय हाय?"

मग माझ्या मागं, पदराच्या आत, फुस्स झालं. गोदा हसत होती. मग तिला आवरेना, ती पेटीवर डोकं टेकून हसायला लागली, मग सासरा, मग कुडावरच्या बाया. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो. त्या संध्याकाळी तिनंच मला वाढलं, शिळी पोळी दुधात, आणि ताट ठेवता ठेवता म्हणाली, "बोलता येतं म्हणायचं तुम्हाला." सकाळी मी बैल जुंपून बघतो तर ती कुणी न सांगता आधीच दमणीत जाऊन बसलेली, आणि ह्या खेपेला मागं नाही, पुढं. गावाच्या शिवेपर्यंत ती पुढंच बसली. त्या वाटेनं मी जे बोलायला लागलो ते मग कधी थांबलो नाही, ती म्हणायची, पुरणानं घसा मोकळा झाला.

एवढी गोष्ट मी पाशाला सांगितली. तो बिचारा दोरीला धरून हसला. मी नेहमीप्रमाणं शेवट केला, "काय सांगू, त्या हौश्यानं माझी इज्जत घालवली. मरेस्तोवर वैरण टाकताना त्याला शिव्या दिल्या म्या."

गोदा डब्याचं झाकण लावत होती. ती म्हणाली, "बैलाला काहून बोलता ओ? बैल सरळच चालला व्हता. कासरा म्या वढला."

मला वाटलं ती गंमत करते. तिनं दमणीकडं बोट केलं. "तुम्ही असे पडले माझ्या पेटीवर. कासरा सुटून माझ्या पायापाशी आला. ओढ्यापाशी म्या तो उचलला आन् वळविला. हौश्या तर येत नव्हता, त्याला तुमच्या घरची पेंड आवडत व्हती. लई वढावं लागलं."

"म्हंजी तू पळून चालली व्हतीस?"

"पळून काहून? तुम्हाला घेऊन चालले व्हते की. म्या मनात ठरविलं व्हतं, ह्यो माणूस उठल्यावर बैलाला मारंल, न्हाईतर माझ्यावर वरडंल. मंग म्या पेटी उतरविणार आन् परत चढणार न्हाई. बाप मारो का जिवंत ठेवो."

पाशा हसायचा थांबला होता. मी विचारलं, "मंग?"

"मंग काय," गोदा म्हणाली, "तुम्ही जेवण मागितलं."

मला राग आला. खरंच आला. माझ्यासाठी नाही, हौश्यासाठी. मी म्हणालो, त्या मुक्या जनावराला म्या जन्मभर शिव्या घातल्या, तू ऐकत व्हतीस, एकदा तरी सांगायचं! ती म्हणाली, "त्याला म्या तवाच सांगितलं व्हतं. रोज गुळाचा खडा काहून देत व्हते मंग?" हे खरं होतं. सुगी असो का दुष्काळ, हौश्याला तिच्या हातचा गूळ चुकला नाही. मला वाटायचं माहेरचा बैल म्हणून लाडावते. म्हणजे त्या गोष्टीत आम्ही तीन जण होतो, त्यातल्या दोघांना माहीत होतं, आणि ज्याला माहीत नव्हतं तो गावभर गोष्ट सांगत फिरत होता.

येताना जीपमध्ये मी तिला पुन्हा पुन्हा विचारत होतो. आणि म्या खरंच मारलं असतं तर? ती म्हणायची, तर आज ह्या जीपीत दुसरी बसली असती. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. ह्या खेपेला घोरली ती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती गेली. पिशवी झटकून खुंटीला लावली होती, पाटावर टेकली, मला म्हणाली, मेथी इकडं आणा, निवडते, आणि तशीच भिंतीला कलली. डॉक्टर म्हणाला काळीज थांबलं. मी त्याला म्हणालो, दाखव बरं कुठं थांबलं. कुणाशी काय बोलावं हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही. मग पाव्हणे आले, दिवस झाले, तेरवी झाली. जेवणावळीत कुणीतरी जुना सोयरा म्हणालाच, उलट्या दमणीची गोष्ट सांगा, तेवढंच मन हलकं होईल. मी सांगायला बसलो आणि हौश्या वळला इथपर्यंत आलो. तिथं गाडी अडली. खरं सांगावं तर तिचं गुपित उघडं पडतं, खोटं सांगावं तर बैलावर येतं. मी म्हणालो, घसा बसलाय, आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी उठायच्या आत मी फेटा बांधला आणि पहिल्या यष्टीनं लातूरच्या रस्त्याला लागलो. संग्रहालयाचं फाटक पाशा उघडतच होता. त्यानं माझ्या मागं बघितलं, कुणी आहे का. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि फाटक पुरतं उघडलं. मी सरळ बैलगाड्यांच्या पत्र्याखाली गेलो, दोरी उचलली आणि दमणीत चढलो. गुडघ्यानं फार छळलं. कुणी फोटो काढला असता तर पोत्यासारखा दिसलो असतो. मी मागं बसलो, तिच्या जागेवर. पुढची जागा मोकळी ठेवली. कासरा तिथं पडला होता, नवाकोरा, नायलॉनचा, कधी कुठल्या बैलाला न लागलेला. व्हार्निशचा वास येत होता. रात्ररात्र डोळा लागला नव्हता इतके दिवस, आणि तिथं बसल्या बसल्या लागला.

किती वेळ गेला ठाऊक नाही. पाशानं खांदा हलवला तेव्हा जागा झालो. आधी छत दिसलं, मग तो पत्रा, मग ते दोन लोखंडी टेकू. मी नीट बघून घेतलं, लिंबाचं झाड कुठं दिसतं का. दमणी जिथल्या तिथंच होती. कुणी कासरा ओढला नव्हता.

"चचा," पाशा हळूच म्हणाला, "आत बसायची परवानगी न्हाई. सायब येतील. काय पाहिजे तुम्हाला? बोला की."

तो माझ्याकडं बघत राहिला आणि मला काहीतरी बोलणं भाग होतं. आयुष्यात एकदाच मी बरोबर बोललो होतो, तेच आठवलं.

"जेवायला काय हाय?" मी म्हणालो.

पाशा म्हणाला, "आत्ता तर फाटक उघडलं, चचा." पण तो गेला, आपला डबा घेऊन आला आणि दमणीच्या पुढच्या जागेवर चढायला लागला. मी म्हणलं, तिथं नको, इकडं माझ्याजवळ बस. तो मागं सरकला, आणि आम्ही दोघांनी त्या पाटीकडं पाठ करून न्याहारी केली.